एक लाख कोटी आणि चाळीस

हिपॅटायटिस सी झालेल्या एका माणसाच्या अंगात एका दिवसात सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात. एकावर बारा शून्यं. अविदान न्यूमन, अ‍ॅलन पेरेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हा आकडा मोठ्या युक्तीने काढला. त्यांनी रुग्णांना इंटरफेरॉन दिलं, दर काही तासांनी रक्त काढलं आणि विषाणूची पातळी किती वेगाने खाली येते ते पाहत राहिले. औषधाने नवं उत्पादन दाबलं की रक्तातले विषाणू तीनेक तासांत निम्मे होत. औषध सुरू होण्याआधी मात्र त्याच माणसाच्या रक्तातली पातळी महिनोन्‌महिने जागची हलत नव्हती. म्हणजे जितके विषाणू नष्ट होत होते, तितकेच रोज नव्याने येत होते. घसरणीच्या वेगावरून उत्पादनाचा वेग निघाला.

या विषाणूचा व्यास ५० नॅनोमीटरच्या आसपास. एका रुग्णाचे एका दिवसाचे विषाणू एकाला एक चिकटवून ओळीत मांडले, तर ओळ ५० किलोमीटर लांब होईल. तेच सगळे गोळा करून एकत्र दाबले, तर खसखशीच्या एका दाण्याचा जेमतेम आठवा हिस्सा भरेल. आता हेच गणित जगासाठी करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ साली पाच कोटी माणसांच्या शरीरात हा विषाणू ठाण मांडून होता. त्या सगळ्यांच्या एका दिवसाच्या विषाणूंची ओळ २५० कोटी किलोमीटर होते, पृथ्वी ते सूर्य या अंतराच्या सोळा पटींहून जास्त. आणि त्यांचं एकूण आकारमान? साडेतीन लिटरच्या आतच. एवढ्याशा ऐवजाने २०२२ या एका वर्षात यकृत सुजवून, घट्ट करून, कर्करोगापर्यंत नेऊन २ लाख ४२ हजार माणसं मारली. त्याच वर्षी दहा लाख माणसांना नव्याने लागण झाली. दर अर्ध्या मिनिटाला एक.

विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ९,६०० अक्षरांचा आहे. नक्कल करताना लाख अक्षरांमागे साधारण एक चूक होते, आणि ती दुरुस्त करणारी यंत्रणा त्याच्याकडे नाही. म्हणजे दर दहा विषाणूंमागे एकात एक नवी चूक. एका अक्षराच्या जागी उरलेल्या तिनांपैकी कोणतंही येऊ शकतं, म्हणून अशा एकेरी चुकांचे एकूण प्रकार होतात २८,८००. रोजच्या एक लाख कोटींतले दहा हजार कोटी चुकलेले धरले, तर यातला प्रत्येक प्रकार एकाच शरीरात, एकाच दिवसात, सरासरी पस्तीस लाख वेळा घडतो. विषाणू १९८९ साली ओळखला गेला, त्यावरच्या कामासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं, तरी लस अजून नाही. त्याचं निम्मं उत्तर या गुणाकारात आहे.

इथवरचे आकडे वाचले की हात टेकावेत असं वाटतं. पण हे आकडे एका शरीराच्या आतले आहेत. साथ वाढते की ओसरते हे ठरतं एक बाधित माणूस आपल्या सगळ्या वर्षांत मिळून किती जणांना विषाणू देतो यावर. हा आकडा चक्रावून टाकावा इतका लहान आहे. सव्वा, दोन, फार तर तीन. एक लाख कोटींशी झुंजायचं नाही, या सव्वा-दोनला एकाच्या खाली आणायचं आहे, हे ज्यांनी गणिताने दाखवून दिलं त्यांचं काम आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. ते मला या साऱ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. जगात इंजेक्शनने नशा करणारी माणसं अंदाजे १ कोटी ४८ लाख. पृथ्वीवरच्या प्रौढांत हे प्रमाण हजारी तीनसुद्धा नाही, पण त्यांच्यातल्या दर पाचांपैकी जवळपास दोघांच्या रक्तात हिपॅटायटिस सी आहे. २०१८ ते २०३० या काळातल्या जगभरच्या नव्या संसर्गांपैकी किती टळतील, जर नशेच्या सुईतून होणारा प्रसार अजिबात थांबला तर, असा प्रश्न एका गणिती मॉडेलला विचारला गेला. उत्तर आलं, ४३ टक्के. हजारी तीन माणसांभोवती जगातली जवळजवळ निम्मी साथ फिरते आहे.

ती का फिरते हे कळायला एक सिरिंज हातात घेऊन पाहावी. औषधाच्या दुकानात मिळणारी साधी सिरिंज, जिची सुई वेगळी असते आणि टोकावर बसवावी लागते. दट्ट्या पूर्ण आत दाबला तरी सिरिंजचं टोक आणि सुई यांच्यामधल्या पोकळीत थोडा द्रव राहतोच. मोजला तर सुमारे ८४ मायक्रोलिटर, म्हणजे दोनेक थेंब. मधुमेहाचे रुग्ण वापरतात त्या इन्शुलिनच्या सिरिंजमध्ये सुई कायमची जोडलेली असते आणि दट्ट्या थेट तिच्या मुळाशी टेकतो. तिथे उरतात अवघे २ मायक्रोलिटर.

बाधित माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात दहा लाख विषाणू असणं ही नेहमीची गोष्ट आहे. पहिल्या सिरिंजमध्ये नुसतं रक्त उरलं असं धरू: ८४ हजार विषाणू. दुसरीत दोन हजार. पुढच्या माणसाने दोन्ही सिरिंजा एकेक मिलिलिटर पाणी ओढून, हलवून, एकदा धुतल्या. पहिलीत उरतात साडेसहा हजार, दुसरीत चार. पुन्हा एकदा धुतल्या. पहिलीत अजून पाचशे, दुसरीत एकही नाही असंच म्हणायचं, कारण हिशोब एकाच्या शंभराव्या भागाखाली उतरतो. दोन सिरिंजांमधला मूळचा ४२ पटींचा फरक दोन वेळा पाण्याने धुतल्यावर साठ हजार पटींच्या पुढे जातो. माणूस तोच, नशा तीच, पाणी तेच. फरक फक्त प्लास्टिकच्या एका पोकळीचा. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत २०१० साली असंही आढळलं की वेगळ्या सुईच्या सिरिंजमध्ये हा विषाणू अनुकूल स्थितीत ६३ दिवसांपर्यंत संसर्गक्षम राहू शकतो. दोन महिन्यांपूर्वी कुणी वापरून कोनाड्यात ठेवलेली सुई आजही धोक्याची.

आता शक्यतेचं गणित. रुग्णालयात काम करताना बाधित सुई टोचली तर संसर्गाची शक्यता जुन्या पुस्तकांत १.८ टक्के दिलेली असे. नव्या पाहण्यांत ती ०.२ टक्क्यांपर्यंत उतरली आहे. समजा, नशेसाठी बाधिताची सुई वापरली तर ही शक्यता १ टक्का आहे. आणि समजा, आसपासच्या शंभरांतले ४० बाधित आहेत. मग कुणाचीही सुई एकदा वापरण्याचा धोका हजारात चार. हजारात चार ऐकून कोण घाबरेल? पण आठवड्यातून एकदाच असं करणाऱ्या तरुणाला वर्षाअखेर लागण झालेली असण्याची शक्यता १९ टक्के होते. तीन वर्षांत ४६. दहा वर्षांत ८८. दुसऱ्याची सुई घेण्याचं प्रमाण त्याने निम्म्यावर आणलं, तरी दहा वर्षांचा धोका ६५ टक्क्यांवरच थांबतो. एवढ्याचसाठी धडपडायचं का, असं मनात येऊ शकतं.

या हिशोबात एक खोट आहे, आणि सगळ्या आशेचं मूळ तिथेच आहे. शंभरात ४० बाधित हा आकडा मी दहा वर्षं जागेवर खिळवून ठेवला. प्रत्यक्षात सगळ्यांनीच दुसऱ्याची सुई घेणं निम्म्यावर आणलं, तर पुढच्या वर्षी हे ४० राहणार नाहीत, ३८ होतील. मग प्रत्येकाचा धोका आणखी घटेल, त्यामुळे ३८ चे ३५ होतील. आकडा स्वतःच्याच पुढच्या रूपाला ओढत नेतो. हे पाटीवर गुणाकार करून कळत नाही, त्यासाठी समीकरणं मांडावी लागतात.

ती मांडण्याची रीत आपल्या इकडच्या माणसांच्या मरणावर घासून तपासली गेली आहे. रोनाल्ड रॉस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच गणिताने सांगितलं होतं की मलेरिया थांबवायला शेवटचा डास मारावा लागत नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आली की रोग आपोआप विझत जातो. पुढे १९२७ मध्ये एडिंबरामध्ये विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी साथींचा गणिती सिद्धांत मांडला. केरमॅक प्रयोगशाळेतल्या स्फोटात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ, मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वर्षानुवर्षं काढलेले डॉक्टर. आपली समीकरणं खऱ्या साथीला लागू पडतात का हे पाहायला त्यांनी जी साथ निवडली, ती मुंबई बेटावरची प्लेगची साथ: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. त्यांच्या वक्राचा शेंडा आठवड्याला ८९० मृत्यू इतका येतो. जगभरच्या साथविज्ञानाच्या वर्गात आजही शिकवल्या जाणाऱ्या त्या निबंधातला आलेख मुंबईकरांच्या मृत्यूंचा आहे. मला तो आलेख पाहताना दर वेळी वाटतं की त्यातल्या एकेका ठिपक्यामागे शेकडो घरं आहेत.

हिपॅटायटिस सीचं मॉडेल त्याच घराण्यातलं. लोकसंख्येचे गट पाडायचे: निरोगी, बाधित, उपचार घेणारे. एका गटातून दुसऱ्यात दर वर्षी किती जातील याची समीकरणं लिहायची. चारांतल्या साधारण एकाचा संसर्ग औषधाविनाच निघून जातो, तेही धरायचं. काही जण नशा सोडतात, काही मरतात, काही नव्याने येतात. आणि एक गोष्ट प्लेगपेक्षा किंवा गोवरापेक्षा वेगळी: इथे बरा झालेला माणूस सुरक्षित होत नाही. तो पुन्हा पहिल्या गटात जाऊन पडतो आणि त्याला पुन्हा लागण होऊ शकते.

यातून मघाचा तो सव्वा-दोनचा आकडा कसा निघतो ते सांगतो. एखाद्या शहरात सुईने नशा करणाऱ्या शंभरांतले २५ बाधित आहेत आणि वर्षानुवर्षं २५ च राहतात. साथ स्थिर आहे, म्हणजे एक बाधित आपल्या सगळ्या काळात सरासरी एकालाच लागण देतो. पण भोवतालचे २५ तर आधीच बाधित आहेत. उरलेल्या ७५ मधूनच त्याने एकाला गाठलं. सगळे शंभर निरोगी असते तर त्याने १.३३ जणांना गाठलं असतं. शंभरांत ५० बाधित असतील तर हाच आकडा २ येतो. ६५ असतील तर २.८६. हे अगदी ढोबळ मॉडेल झालं, खऱ्या वस्तीत सगळे सगळ्यांशी सारखे मिसळत नाहीत. तरी त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. पहिल्या शहरात दर चार संसर्गांतला एक टाळला की साथ विझण्याच्या वाटेला लागते. तिसऱ्यात तीनांतले दोन टाळावे लागतात. बाधितांचं प्रमाण जितक्या पटीने वाढतं, टाळायच्या संसर्गांचा वाटाही तितक्याच पटीने वाढतो.

ब्रिस्टलच्या नताशा मार्टिन, पीटर व्हिकरमन आणि मॅथ्यू हिकमन यांनी २०११ मध्ये हेच नेमकेपणाने मांडलं. दर हजार जणांमागे वर्षाला फक्त दहा बाधितांना औषध द्यायचं. तेव्हाच्या औषधांनी दहातले सहाच बरे होत, तेही धरलं. दहा वर्षांनी बाधितांचं प्रमाण किती घटेल? सुरुवातीला २० टक्के बाधित असतील तर ३१ टक्क्यांनी, ४० असतील तर १३ टक्क्यांनी, ६० असतील तर ७ टक्क्यांनी. दोन वर्षांनी नवी औषधं गृहीत धरून त्यांनी तीन खऱ्या शहरांचा हिशोब केला. पंधरा वर्षांत साथ निम्मी करायची तर हजारांमागे वर्षाला किती जणांवर उपचार लागतील? बाधितांचं प्रमाण सुमारे २५ टक्के असलेल्या एडिंबरामध्ये १५. पन्नास टक्के असलेल्या मेलबर्नमध्ये ४०. पासष्ट टक्के असलेल्या व्हँकूव्हरमध्ये ७६.

मेलबर्नचा आकडा पुन्हा वाचा. हजारांत पाचशे बाधित, आणि पुरतात वर्षाला चाळीस.

याची किंमत कळायला त्याआधीचं वैद्यकाचं वागणं आठवावं लागतं. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांच्या निवेदनाने सांगितलं होतं की नशा सोडून किमान सहा महिने झाल्याखेरीज हिपॅटायटिस सीचा उपचार सुरू करू नये. औषध महाग, त्याचे दुष्परिणाम कडक, आणि नशा चालू असलेला माणूस पुन्हा बाधित होणार, मग वाया कशाला घालवा, अशी ती समजूत. २००२ मध्ये ही अट सैल झाली, पण प्रत्यक्षात ती अनेक देशांत पुढे कित्येक वर्षं चालत राहिली. मॉडेलने ही समजूत उलटी केली. ज्याने सुई कायमची सोडली, त्याला बरं केलं तर एक यकृत वाचतं. ज्याची सुई अजून चार जणांत फिरते, त्याला बरं केलं तर त्याचं यकृत वाचतंच, शिवाय त्याच्याकडून होणारा पुढचा संसर्ग, आणि त्या संसर्गातून होणारे पुढचे, तेही टळतात. ज्याला रांगेत शेवटी उभं केलं होतं, त्यालाच पहिल्यांदा बोलवायला हवं होतं. हा दयेचा युक्तिवाद नव्हता, समीकरणाचा होता; पण मला वाटतं की दयेनेही तो आधीच सुचायला हवा होता.

मॉडेलला खाऊ घालायला आकडे लागतात, आणि इथली माणसं लपून राहतात. जनगणनेत कुणी सांगत नाही. म्हणून वेगळे मार्ग काढावे लागतात. समजा, एका शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या वहीत ४०० नावं आहेत आणि सुया वाटणाऱ्या संस्थेकडे ३००. दोन्हींत असलेली नावं ३०. म्हणजे केंद्राला संस्थेकडच्या नावांचा दहावा हिस्साच दिसतो. मग शहराचाही ते दहावा हिस्साच पाहत असावं. एकूण चार हजार. दुसरी रीत डग्लस हेकॅथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडली: पहिल्या काहींना दोन-तीन कूपनं द्यायची, त्यांनी ओळखीच्यांना पाठवायचं, त्यांनी पुढच्यांना. प्रत्येकाने दोघांनाच आणलं तरी चौदाव्या फेरीत संख्या सोळा हजारांवर जाते. याच रीतीने भारतातल्या १५ शहरांत १४,४८१ जणांची तपासणी झाली आणि सुमारे ३७ टक्क्यांच्या रक्तात हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडं, म्हणजे कधीतरी लागण होऊन गेल्याच्या खुणा, सापडल्या.

येलच्या एडवर्ड कॅप्लान यांनी तर माणसांऐवजी सुयांनाच बोलतं केलं. न्यू हेवन शहरात नोव्हेंबर १९९० मध्ये जुन्या सुया घेऊन नव्या देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. दिलेल्या प्रत्येक सिरिंजला क्रमांक होता. ती कधी बाहेर गेली, कधी परत आली, किती दिवस फिरली, आणि परत आल्यावर तिच्यात एचआयव्ही आहे का, हे नोंदलं गेलं. सुरुवातीला रस्त्यावरच्या सुयांपैकी दोन तृतीयांश बाधित होत्या; पुढे परत येणाऱ्या सुयांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरलं. नशा करणाऱ्यांची संख्या घटली नव्हती, सुई बाहेर राहण्याचा काळ घटला होता. डास लवकर मेला तर त्याला चावायला कमी दिवस मिळतात, हे रॉस यांच्या मलेरियाच्या गणितातलंच तत्त्व. नव्या संसर्गांत एक तृतीयांश घट, असा कॅप्लान यांचा अंदाज आला.

उशीर केला तर काय होतं याचा हिशोबही झालेला आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, स्कॉट काउंटीत, ऑस्टिन नावाचं जेमतेम ४,२०० वस्तीचं गाव आहे. २०१५ मध्ये तिथे वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही पसरला. पहिल्या तपासात १८१ बाधित सापडले, आणि त्यांतल्या ९२ टक्क्यांना हिपॅटायटिस सीसुद्धा होता. तो आधी येऊन बसला होता. सुया फिरताहेत हे सांगणारी खूण अगोदरच उमटली होती. राज्यात सुया बदलून देण्याला कायद्याने बंदी होती, आणि गव्हर्नर माइक पेन्स यांनी आणीबाणीचा आदेश काढला तो मार्च २०१५ मध्ये. ग्रेग गोन्साल्व्हिस आणि फॉरेस्ट क्रॉफर्ड यांनी पुढे मॉडेल करून पाहिलं: हीच पावलं २०१३ मध्ये उचलली असती तर एचआयव्हीची लागण ५६ जणांच्या आत राहिली असती, २०११ मध्ये उचलली असती तर दहाच्या आत.

आता पैशाचं. सोफोसबुवीर हे नवं औषध डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत आलं. दिवसाला एक गोळी, बारा आठवडे, एकूण ८४ गोळ्या. एका गोळीची किंमत १,००० डॉलर. जगातल्या पाच कोटी बाधितांना त्या दराने द्यायचं तर ४ लाख २० हजार कोटी डॉलर लागतील. भारताचं २०२३ चं सगळं देशांतर्गत उत्पादन त्याहून कमी होतं. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने मुंबईच्या सिप्लासह सात औषध कंपन्यांना हे औषध बनवायचे परवाने दिले आणि किमती कोसळल्या. पुढे पूर्ण उपचाराची जेनेरिक औषधं ६० डॉलरपर्यंत मिळू लागली. पाच कोटींना तेच ६० डॉलरच्या दराने: ३०० कोटी डॉलर. चौदाशे पट स्वस्त, आणि बरे होतात शंभरातले ९५ हून अधिक. भारतात २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून हा उपचार मोफत मिळतो.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात इंजेक्शनने नशा करणारे साधारण साडेआठ लाख आहेत, आणि जास्त संख्येच्या राज्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, दिल्ली, मणिपूर, नागालँड यांच्याबरोबर महाराष्ट्राचंही नाव आहे. प्रत्येकी दिवसाला तीन टोचण्या धरल्या तर वर्षाच्या ९३ कोटी होतात. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० साठीचं उद्दिष्ट माणशी वर्षाला ३०० सुया-सिरिंजा. देशासाठी साडेपंचवीस कोटी. जगात प्रत्यक्ष वाटप किती, तर २०१७ च्या आढाव्यात माणशी ३३. दिवसाला तीनदा टोचणाऱ्याने फक्त वाटपावर भिस्त ठेवली तर एक सुई तेहतीस वेळा. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखं तोंडाने घ्यायचं औषध आणि भरपूर सुया, दोन्ही एकत्र मिळालं तर हिपॅटायटिस सीची लागण ७४ टक्क्यांनी घटते, असं २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून आढळलं. ही दोन्ही कामं होत नसतील तर नुसती गोळी पुरी पडत नाही, कारण बरा झालेला माणूस त्याच सुयांच्या घोळक्यात परततो. मेलबर्नमध्ये मार्गारेट हेलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोण कुणाबरोबर टोचून घेतं याची जाळी मांडली, तेव्हा एक उपाय पुढे आला: एकट्याला बरं करू नका, त्याच्याबरोबर सुई वाटून घेणाऱ्या दोस्तांनाही त्याच वेळी औषध द्या. मग पुन्हा लागण द्यायला शेजारी कुणी उरत नाही.

पंधरा शहरांतल्या ३७ टक्क्यांतून आपोआप बरे होणारे वजा केले तर शंभरांत २८ च्या आसपास बाधित उरतात. शहरागणिक हे बदलतं, पण सरासरी एडिंबरा आणि मेलबर्न यांच्या मधे पडते. सावधपणे मेलबर्नचाच आकडा धरू. सुईने नशा करणारे हजार जण जिथे आहेत अशा एका शहरभागाचा वर्षाचा खर्च: चाळीस जणांची औषधं, ६० डॉलरच्या दराने, दोन लाख रुपयांच्या आसपास. तीन लाख सिरिंजा, पाच रुपयांना एक धरली तर पंधरा लाख. राहिली माणसं. आपल्या एड्स-नियंत्रणाच्या कार्यक्रमात नशा करणाऱ्या दर चाळिसांमागे एक पीअर एज्युकेटर असावा असा दंडक आहे, आणि तो बहुतेक वेळा त्याच रस्त्यावरून गेलेला, सगळ्यांना नावाने ओळखणारा असतो. हजारांमागे असे पंचवीस जण. पंधरा वर्षांत साथ निम्मी करायला त्यांतल्या प्रत्येकाने दर वर्षी दोघांपेक्षाही कमी माणसं तपासणीपासून चौऱ्याऐंशीव्या गोळीपर्यंत हात धरून न्यायची आहेत.